39 युनिट झाली, तरी पदवी लांबच: कम्युनिटी कॉलेजातून बालशिक्षणाच्या पदवीकडे, एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण कॅलिफोर्नियातलं आहे, सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या पूर्वेकडच्या भागातलं. मी तिथल्याच एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षं कमी फीत शिकवणाऱ्या सरकारी कॉलेजात, बालविकास हा विषय शिकवते. ज्या विद्यार्थिनीबद्दल लिहिते आहे तिनं लिहायला परवानगी दिली आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. इथे तिला वैशाली म्हणू. इथल्या मराठी घरांतल्या कितीतरी जणी याच वाटेनं जातात आणि बहुतेकींचं पाऊल त्याच जागी अडतं, म्हणून हे सविस्तर मांडते आहे.

पार्श्वभूमी

वैशाली सातारा जिल्ह्यातली. बी.ए.चं दुसरं वर्ष संपलं, लग्न ठरलं आणि तिसरं वर्ष राहिलं ते राहिलंच. 2014 मध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे ती एच-4 व्हिसावर, म्हणजे तिथे नोकरीला आलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, अमेरिकेत आली. तिची आई गावच्या अंगणवाडीत सेविका होती. पोषण आहार, वजनाचे तक्ते, गृहभेटी, गावाचा सर्व्हे आणि यातून वेळ काढून मुलांची गाणी-गोष्टी, असा आईचा दिवस वैशालीनं लहानपणापासून पाहिलेला. "आईला आयुष्यभर मानधन मिळालं, पगार कधीच नाही," असं तिनं माझ्या वर्गात पहिल्या दिवशी ओळख करून देताना सांगितलं होतं. तिचे पुढचे सगळे निर्णय याच बोलण्याच्या उजेडात वाचावेत असं मला वाटतं.

मुलगी तीन वर्षांची झाल्यावर तिनं तिला एका को-ऑप प्रीस्कूलमध्ये घातलं. अशा शाळेत प्रत्येक पालकाला आठवड्यातून एकदा वर्गात काम करावं लागतं. वैशाली रमली. तिथल्या मुख्य बाईंनीच सुचवलं, कम्युनिटी कॉलेजात एखादा विषय घेऊन तर बघ. एच-4 वर शिकता येतं. राज्यात वर्षभराहून जास्त काळ राहत असल्यामुळे तिला रहिवाशांची फी लागू झाली, म्हणजे युनिटला 46 डॉलर. युनिट हे विषयाचं माप, साधारण एक विषय तीन युनिटांचा. 2020 च्या फॉलमध्ये, म्हणजे ऑगस्ट ते डिसेंबरच्या सत्रात, सगळे वर्ग ऑनलाइन असताना, तिनं पहिला विषय घेतला.

इथली रचना थोडी समजून घेतली नाही तर पुढचं प्रकरण कळणार नाही. कॅलिफोर्नियात बालशिक्षणाच्या दोन वाटा एकाच दारातून सुरू होतात. पहिली परमिटची, म्हणजे प्रीस्कूलमध्ये शिकवायच्या परवान्याची. बालशिक्षणाची 12 युनिट आणि ठरावीक दिवसांचा कामाचा अनुभव असला की असोसिएट टीचरचं परमिट मिळतं. 24 युनिट, त्याखेरीज जनरल एज्युकेशनची, म्हणजे भाषा, गणित, विज्ञान अशा सर्वसाधारण विषयांची, 16 युनिट आणि 175 दिवसांचा अनुभव असला की टीचरचं. दुसरी वाट पदवीची. 2010 च्या कायद्यानं 'असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर' सुरू झाली. कम्युनिटी कॉलेजात 60 युनिटांची ही डिग्री पूर्ण केली की कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या कुठल्या ना कुठल्या कॅम्पसमध्ये जागा नक्की, आणि तिथे जुळणाऱ्या विषयात आणखी 60 युनिटांत बॅचलर्स. कॅम्पस मात्र आपल्याला हवा तोच मिळेल असं नाही.

दोन्ही वाटांवर बालशिक्षणाचे आठ मूळ विषय सारखेच आहेत: बालकाची वाढ आणि विकास, मूल-कुटुंब-समाज, तत्त्वं आणि पद्धती, अभ्यासक्रम, निरीक्षण आणि मूल्यमापन, आरोग्य-सुरक्षा-पोषण, विविधतेच्या समाजात शिकवणं आणि शेवटी प्रॅक्टिकम, म्हणजे प्रत्यक्ष वर्गातला सराव. मिळून 24 युनिट. दोन वाटा एकच आहेत असा समज होतो तो यामुळेच. फरक आहे तो या 24 युनिटांच्या बाहेर.

वैशालीला पदवी का हवी होती तेही सांगते. कॅलिफोर्नियात 2025-26 च्या शालेय वर्षापासून 1 सप्टेंबरपर्यंत चार वर्षं पूर्ण होणाऱ्या प्रत्येक मुलासाठी सरकारी शाळेत ट्रान्झिशनल किंडरगार्टन, म्हणजे टीके, खुलं झालं. टीकेचा वर्ग सांभाळणारी शिक्षिका शाळेच्या वेतनश्रेणीत असते, तिला आरोग्यविमा आणि पेन्शन असतं. पण त्यासाठी बॅचलर्स पदवी, शिक्षकाचं क्रेडेन्शियल (सरकारी शाळेत शिकवायचा परवाना) आणि बालशिक्षणाची 24 युनिट किंवा त्याला समतुल्य पात्रता लागते. 2024 मध्ये प्रीस्कूल ते तिसरीसाठी वेगळं पीके-3 क्रेडेन्शियलही अमलात आलं. खासगी प्रीस्कूलमध्ये परमिटवर काम करणारी बाई तितक्याच वयाची मुलं, तितक्याच कष्टानं सांभाळते आणि तिला तासाच्या हिशेबानं पैसे मिळतात. आईच्या मानधनाची गोष्ट वैशालीला इथे पुन्हा दिसत होती.

अडचण

वैशाली हुशार आणि चिकाटीची. 2021 च्या उन्हाळ्यात तिची 12 युनिट झाली. त्याच सुमारास नवऱ्याच्या ग्रीन कार्डची प्रक्रिया पुढे गेल्यानं तिला कामाची परवानगी मिळाली, आणि फॉलपासून ती एका खासगी केंद्रात काम करू लागली. दिवसा नोकरी, संध्याकाळी वर्ग. 2023 च्या स्प्रिंगपर्यंत, म्हणजे जानेवारी ते मेच्या सत्रापर्यंत, तिचे बालशिक्षणाचे बारा विषय झाले होते, बहुतेक सगळ्यांत ए. त्याशिवाय इंग्रजी लेखनाचा एक विषय. एकूण 39 युनिट. 60 मधून 39 गेली, 21 उरली, म्हणजे वर्षभरात ट्रान्सफर, असा तिचा हिशेब होता.

त्या फॉलमध्ये ती माझ्याकडे शिफारसपत्र मागायला आली. मी ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या विषयांचं गुणपत्रक, पाहायला मागितलं. तिनं ते छापून आणलं होतं. मी तिला दोन मार्कर दिले. बालशिक्षणाचे विषय पिवळ्यानं आणि जनरल एज्युकेशनचे हिरव्यानं रंगव म्हटलं. कागद वरपासून खालपर्यंत पिवळा झाला. हिरवी एकच ओळ. बालविकासाच्या विषयांपैकी दोन जनरल एज्युकेशनमध्येही धरले जात होते, त्यांच्यावर हिरवी किनार ओढली. तरीही तीनच.

त्या वेळच्या नियमाप्रमाणे जनरल एज्युकेशनची 39 युनिट लागत होती. तिची झाली होती 9. उरले दहा विषय, सुमारे 30 युनिट. म्हणजे डिग्री मिळेपर्यंत तिची एकूण युनिट 60 नव्हे, 69 च्या आसपास जाणार होती. आठ मूळ विषयांच्या पुढचे चार विषय, 12 युनिट, डिग्रीत निव्वळ इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक विषय, म्हणून बसत होते, आणि इलेक्टिव्हला तिथे तेवढी जागाच नव्हती.

फीच्या हिशेबात जास्तीची 9 युनिट म्हणजे 414 डॉलर. ती रक्कम कुणाला खुपली नाही आणि मला वाटतं म्हणूनच हे इतका काळ कुणाच्या लक्षात आलं नाही. गेला तो वेळ. नोकरी आणि घर सांभाळून सत्राला दोन विषय झेपणाऱ्या बाईचं दीड सत्र.

ते चार जादा विषय तिनं का घेतले हे विचारलं तेव्हा प्रत्येकाला कारण होतं. लहान बाळांच्या संगोपनाचा विषय केंद्राला हवा होता. दोन वर्षांखालच्या मुलांच्या वर्गासाठी त्या विषयाची तीन युनिट परवाना नियमांनुसार लागतातच. तो घेणं बरोबरच होतं. व्यवस्थापनाचा विषय संचालिकेनं सुचवला, पुढेमागे तू केंद्र चालवशील म्हणून. उरलेले दोन, मुलांसाठी कला आणि मुलांसाठी संगीत-हालचाल, हे संध्याकाळी होते, मैत्रिणी तिथे होत्या, शिक्षिका ओळखीच्या होत्या. आणि या चारही विषयांत तिला उभं राहून इंग्रजीत भाषण करावं लागणार नव्हतं, संख्याशास्त्राची गणितं करावी लागणार नव्हती. मोठेपणी परत शिकायला आलेल्या बाईला ज्या विषयात आपण चांगल्या आहोत हे नुकतंच कळलेलं असतं, त्या विषयाला ती घट्ट धरून राहते. याला मी आळस म्हणणार नाही.

पण यात एक गोष्ट निसटली. या चार विषयांमुळे तिचं परमिटही वर सरकलं नव्हतं. टीचरच्या परमिटसाठीही जनरल एज्युकेशनची 16 युनिट लागतातच. ज्या विषयांना ती टाळत होती, ते दोन्ही वाटांवर समोर उभे होते.

त्यातले चार तर टाळताच येत नाहीत. भाषण, इंग्रजी लेखन, तर्कशुद्ध विचार आणि गणिती विचार, यांना इथे गोल्डन फोर म्हणतात. ज्या फॉलमध्ये स्टेट युनिव्हर्सिटीत जायचं, त्याच्या आधीच्या स्प्रिंगअखेर हे चारही किमान सी-मायनस घेऊन संपलेले असावे लागतात. वैशालीचा एकच झाला होता.

समोरचे पर्याय

घरी यावर बराच खल झाला. वैशालीनं मला जे सांगितलं आणि आम्ही मिळून जे तपासलं ते असं.

थांबणं हा एक पर्याय होता. जनरल एज्युकेशनचे चार-पाच विषय करून टीचरचं परमिट घ्यायचं आणि आहे त्या केंद्रात राहायचं. नवऱ्याला हे पटत होतं. मुलगी लहान, ग्रीन कार्डची रांग लांब, कामाची परवानगी दर काही वर्षांनी नव्यानं मागायची. एवढ्या अनिश्चिततेत आणखी चार-पाच वर्षांचं शिक्षण कशाला, असा त्याचा प्रश्न होता. प्रश्न रास्त होता. ती एच-4 वर असल्यामुळे केंद्र सरकारची शैक्षणिक मदत मिळणार नव्हती, सगळी फी घरातूनच जाणार होती.

दुसरा पर्याय सासऱ्यांनी फोनवर सुचवला. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून राहिलेली बी.ए. पूर्ण कर. पीके-3 क्रेडेन्शियलला बॅचलर्स पदवी कुठल्याही विषयातली चालते, मग मराठीतून बी.ए. झाली तर काय हरकत? वैशालीचा जीव यात बराच गुंतला होता, अर्धवट राहिलेलं पूर्ण करायची ती संधी होती. पण तीन वर्षांची भारतीय पदवी काही मूल्यांकन संस्था अमेरिकन बॅचलर्सच्या बरोबरीची धरतात, काही फक्त तीन वर्षांचं कॉलेज शिक्षण धरतात. क्रेडेन्शियल देणारा आयोग स्वतःच्या यादीतल्या संस्थेचंच मूल्यांकन मानतो. पदवी हातात आल्यावरच कळणार होतं की ती उपयोगाची आहे की नाही. परीक्षांसाठी महाराष्ट्रात जाणं होतं ते वेगळंच. पर्याय वाईट नव्हता, पण त्यातला सगळा धोका शेवटी येऊन कोसळणारा होता.

तिसरा पर्याय खासगी ऑनलाइन विद्यापीठाचा. तिथले प्रवेश सल्लागार तत्पर असतात. तुमची जवळजवळ सगळी युनिट धरू म्हणतात आणि आठवड्यात उत्तर देतात. युनिटचा दर मात्र कम्युनिटी कॉलेजच्या कितीतरी पट. वैशालीला त्यांचं मोकळेपणानं बोलणं आवडलं होतं, आणि मी ते समजू शकते. सरकारी व्यवस्थेत काउन्सिलरची, म्हणजे विषय निवडायला मदत करणाऱ्या कॉलेजच्या सल्लागाराची, भेट मिळायलाच वेळ लागतो.

चौथा, डिग्री फॉर ट्रान्सफर पूर्ण करून स्टेट युनिव्हर्सिटीत बालविकासाच्या पदवीला जाणं. स्वस्त, खात्रीचं आणि आता कळल्याप्रमाणे दहा विषयांइतकं लांब.

यात आणखी एक छोटा प्रश्न होता. सातारच्या कॉलेजातल्या दोन वर्षांच्या गुणपत्रिकांचं मूल्यांकन करून घ्यावं का? मैत्रिणी म्हणत होत्या, अगं, वीसेक युनिट तरी फुकट मिळतील. आम्ही काउन्सिलरला विचारलं. ती युनिट मिळाली असती तर इलेक्टिव्ह म्हणून मिळाली असती, जनरल एज्युकेशनच्या चौकटीत बसली नसती. आणि वैशालीकडे इलेक्टिव्ह आधीच जास्त झाली होती. म्हणून मूल्यांकन केलं नाही, पैसे आणि काही महिने वाचले. पण हे उत्तर तिच्यापुरतं आहे. जिची इलेक्टिव्ह कमी पडतात तिनं मूल्यांकन जरूर करून घ्यावं.

निर्णय

वैशालीनं चौथा पर्याय घेतला. तिचा विचार मला आवडला म्हणून सांगते. तिनं प्रत्येक पर्यायासमोर एकच प्रश्न लिहिला होता: मध्येच सोडावं लागलं तर हातात काय उरेल? खासगी विद्यापीठात कर्ज उरलं असतं. मुक्त विद्यापीठात अर्धी पदवी. इथे मात्र पहिल्या पाच विषयांनंतर टीचरच्या परमिटची युनिट पूर्ण होणार होती आणि दहा विषयांनंतर असोसिएट डिग्री. म्हणजे नवऱ्याचा पर्याय याच्या पोटातच होता. घरातला वाद तिथे मिटला.

2024 च्या फॉलला जाणं शक्य नव्हतं, हे मान्य करणं तिला सगळ्यात जड गेलं. लक्ष्य 2025 चा फॉल ठरला. काउन्सिलरबरोबर बसून लेखी शैक्षणिक आराखडा केला: 2024 च्या स्प्रिंगमध्ये दोन विषय, उन्हाळ्यात दोन, फॉलमध्ये तीन, 2025 च्या स्प्रिंगमध्ये तीन. कुठल्या कॉलेजचा कुठला विषय कुठल्या विद्यापीठात कशासाठी धरला जातो हे 'असिस्ट' या सरकारी संकेतस्थळावर एकेक करून पाहिलं. एक बंधन कायम डोळ्यांसमोर ठेवायचं होतं. कम्युनिटी कॉलेजची 70 पेक्षा जास्त युनिट स्टेट युनिव्हर्सिटी पदवीच्या हिशेबात घेत नाही. वैशाली त्या रेषेच्या अगदी कडेला येऊन थांबणार होती. आणखी एकही हौसेचा विषय चालणार नव्हता.

क्रमाबद्दल आमचं एकमत व्हायला वेळ लागला. तिला सोपे विषय आधी हवे होते. माझं म्हणणं होतं, गोल्डन फोर आधी. नापास झाली किंवा मध्येच विषय सोडावा लागला, तर पुन्हा घ्यायला सत्र हाताशी पाहिजे. शेवटी मध्यम मार्ग निघाला: स्प्रिंगमध्ये तर्कशुद्ध विचार आणि एथ्निक स्टडीज (अमेरिकेतल्या वांशिक समाजांचा अभ्यास), उन्हाळ्यात भाषण आणि कलेचा परिचय, फॉलमध्ये संख्याशास्त्र.

प्रत्यक्षात काय झालं

स्प्रिंग सुरळीत गेली. भाषणाचा विषय उन्हाळ्यातला, सहा आठवड्यांचा, प्रत्यक्ष वर्गातला. ऑनलाइन घ्यायची सोय होती, पण तिनं मुद्दाम वर्गातला घेतला. पहिल्या भाषणात आवाज फुटेना. शिक्षकांनी बसून बोलायची मुभा दिली, ती तिनं घेतली नाही. तिसरं भाषण मन वळवण्याचं होतं. विषय तिनं निवडला: प्रीस्कूलच्या वयात मुलांशी घरची भाषाच बोला. कामावर येता-जाता गाडीत मोठ्यानं सराव केला. भाषणात तिनं आपल्या वर्गातला एक मुलगा सांगितला, घरी मिश्टेको ही मेक्सिकोतली आदिवासी भाषा बोलणारा. तो महिनाभर वर्गात गप्प होता, आणि एक दिवस ठोकळ्यांचा पूल उभा राहिल्यावर स्वतःशीच आपल्या भाषेत भरभर बोलू लागला. तो काय बोलतो आहे हे वर्गातल्या एकाही मोठ्या माणसाला कळत नव्हतं, पण पुलाखालून कोण जाणार आहे हे ठरवण्यात तो पूर्ण बुडाला होता. तिनं हे निरीक्षणाच्या वहीत मिनिटामिनिटानं टिपून ठेवलेलं होतं, आणि भाषणात तसंच्या तसं वाचून दाखवलं. भाषणाचा विषय तिला जड जाणार असं सगळ्यांनाच वाटत होतं. प्रत्यक्षात तिचं सगळ्यात पक्कं ज्ञान तिथेच कामाला आलं.

तत्त्वं आणि पद्धतीच्या विषयातही तिनं असंच केलं होतं. आमच्या पाठ्यपुस्तकांत फ्रोबेल, माँटेसरी, ड्यूई असतात. वैशालीनं निबंध लिहिला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यावर: 1926 मध्ये गिजुभाई बधेकांबरोबर सुरू झालेला नूतन बालशिक्षण संघ, 1945 पासूनचं बोर्डीचं काम, मग कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणात गेलेली बालवाडी. वर्गातल्या बाकीच्या विद्यार्थिनींना हे सगळं नवं होतं. जनरल एज्युकेशनच्या विषयांत आपल्याकडे काहीच नाही असं मानून जाणाऱ्या बायकांना मी हे आवर्जून सांगते.

2024 च्या फॉलमध्ये गाडी अडखळली. ऑक्टोबरमध्ये अर्ज खुले झाले, तिनं दोन कॅम्पसना अर्ज केले. नोव्हेंबरमध्ये आईला पक्षाघाताचा झटका आला आणि वैशालीला साताऱ्याला जावं लागलं. फॉलचे दोन विषय ऑनलाइन होते, ते तिनं हॉस्पिटलच्या बाकावर बसून फोनवर पूर्ण केले. संख्याशास्त्र वर्गातलं होतं. इथे पुन्हा निर्णयाची वेळ आली. कसंबसं रेटून डी किंवा एफ घ्यायचा, की मुदतीच्या आत विषय सोडून ट्रान्सक्रिप्टवर डब्ल्यू घ्यायचा? डब्ल्यूचा सरासरीवर परिणाम होत नाही. डी असता तर गोल्डन फोर अडलाच असता आणि सरासरीही खाली आली असती. तिनं विषय सोडला. अर्जात मात्र तो फॉलमध्ये चालू आहे असं दाखवलेलं होतं. तिनं दोन्ही कॅम्पसना बदल कळवला आणि विषय स्प्रिंगमध्ये नियोजित दाखवला. पुष्कळ जणी हे कळवत नाहीत आणि मिळालेला प्रवेश नंतर रद्द होतो.

आता स्प्रिंगमध्ये चार विषय झाले, त्यात जीवशास्त्राची प्रयोगशाळा. नोकरीसह हे झेपणारं नव्हतं. तोडगा काउन्सिलरनं काढला: शेजारच्या कम्युनिटी कॉलेजात जानेवारीचं छोटं सत्र असतं, मानव्यविद्येचा एक विषय तिथे ऑनलाइन उरकायचा. स्प्रिंगमध्ये तिनं केंद्रातले तासही आठवड्याला वीसवर आणले. पैशाची ओढाताण झाली. संख्याशास्त्राला या वेळी जोडीचा मदतवर्ग घेतला आणि बी मिळवला.

निकाल

दोनपैकी ज्या कॅम्पसला फार गर्दी असते तिथे जागा मिळाली नाही. दुसरीकडे मिळाली. 2025 च्या मे महिन्यात असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर हातात आली आणि टीचरच्या परमिटचा अर्जही गेला. फॉलपासून ती स्टेट युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला आहे.

तिथेही एक निर्णय वाट पाहत होता. सत्राला नऊ युनिट घ्यायची असं तिच्या मनात होतं. पण स्टेट युनिव्हर्सिटीत फीचे दोनच टप्पे आहेत: सहा युनिटांपर्यंत एक दर, त्यावर दुसरा. 2025-26 साठी वरचा दर वर्षाला 6,450 डॉलर, कॅम्पसची फी वेगळी. नऊ घ्या नाहीतर पंधरा, रक्कम तीच. 60 युनिट नऊ-नऊ करत सात सत्रं पूर्ण फी भरायची, की बारा-बारा करत पाच सत्रं? तिनं बारा घेतली. खासगी केंद्र सोडून एका सरकारी शाळेत टीकेच्या वर्गात सहायक म्हणून ती लागली. 48 कॉलेज युनिट किंवा असोसिएट डिग्री असली की या कामाची शैक्षणिक अट पूर्ण होते. दुपारी अडीचला सुटते, विद्यापीठाचे वर्ग संध्याकाळी. सगळं नीट गेलं तर 2027 च्या डिसेंबरमध्ये पदवी.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या सत्रातच जनरल एज्युकेशनचा एक विषय घ्यायला हवा होता, आणि नंतर दर सत्राला बालशिक्षणाचा एक आणि जनरल एज्युकेशनचा एक. नोकरीसाठी पहिली 12 युनिट लवकर हवीत हे मला मान्य आहे. पण तेराव्या युनिटपासून दोन्ही रंग शेजारी-शेजारी चालले पाहिजेत. असं झालं असतं तर वैशाली 2024 च्या फॉललाच गेली असती असं माझं गणित सांगतं.

काउन्सिलरची पहिली भेट 39 युनिटांनंतर झाली, ती 12 नंतर व्हायला हवी होती. याचा सगळा भार विद्यार्थिनीवर टाकू नये. आमच्या क्षेत्रातल्या बायका संध्याकाळी येतात, काउन्सिलिंगच्या खिडक्या दुपारी बंद होतात. बालशिक्षणाच्या प्रत्येक सुरुवातीच्या वर्गात काउन्सिलरनं एक तास येऊन बसावं, हा साधा बदल मी आमच्या विभागात मांडला आहे.

संख्याशास्त्र शेवटून दुसऱ्या सत्रात ठेवणं धोक्याचं होतं. उन्हाळ्यात कलेच्या परिचयाऐवजी ते आलं असतं, तर नोव्हेंबरमधल्या प्रवासात फक्त ऑनलाइन विषय उरले असते. पण उन्हाळ्यात भाषण आणि संख्याशास्त्र एकत्र घेतलं असतं तर कदाचित दोन्ही गेले असते. इथे वैशालीचं आणि माझं अजून एकमत नाही.

आता हे सुरू करणाऱ्यांसाठी नियमही थोडे बदलले आहेत. 2025 च्या फॉलपासून जनरल एज्युकेशनचा नवा, 34 युनिटांचा 'कॅल-गेट्सी' आराखडा लागू झाला आहे. त्यामुळे मैत्रिणीची जुनी यादी मागून घेऊन तिच्यावर विषय निवडू नका, स्वतःच्या प्रवेशवर्षाची यादी काढा.

वैशालीपुढचा मोठा प्रश्न अजून सुटायचा आहे. पीके-3 क्रेडेन्शियलसाठी 600 तास वर्गात सराव करावा लागतो. त्या काळात पगार मिळेल अशी जागा तिच्या शाळेत निघते का, आणि कामाची परवानगी तोवर नव्यानं येते का, हे आज सांगता येत नाही, म्हणून ती आणि तिचा नवरा आत्तापासून पैसे बाजूला काढत आहेत. आई आता बरी आहे, काठी घेऊन चालते. पुढच्या उन्हाळ्यात तिला इथे आणायचा विचार आहे. सरावाच्या वर्षात घरी कुणीतरी मोठं माणूस असावं, हेही वैशालीच्या आराखड्यात लिहिलेलं आहे.